सातवी दुमड

खडकोंडला कुणी पाहुणा आला की धाकू गुरव त्याला देवळाच्या पायरीवर उभा करतो आणि समोरच्या डोंगरावरचे पट्टे मोजायला लावतो. मग पाण्याचं विचारतो. डोंगर वरून खालपर्यंत आडव्या पट्ट्यांचा आहे. माथ्याचा पट्टा उन्हानं विटलेल्या कापडासारखा फिका, त्याखालचा जरा गडद, असं करत पायथ्याशी गर्द निळसर काळा. पाहुणे मोजतात आणि सहा म्हणतात.

"सहाच भरणार," धाकू म्हणतो. "सातवा जमिनीत आहे."

मागे शहरातून दगडांचा अभ्यास करणारी मंडळी आली होती. हे लाव्हाचे थर आहेत, असं त्यांनी सांगितलं. धाकूनं मान डोलावली. "असतील की! आमचं म्हणणं फक्त ते कुणासाठी पडले याबद्दल आहे."

असे सांगतात की फार पूर्वी हा डोंगर बोडका होता आणि गावात बयाजा नावाची शिंपीण राहत होती. हात असा की तिचा टाका शोधायला कापड डोळ्यांपाशी न्यावं लागे. तान्ह्या बाळाचं माप ती दोऱ्यानं घ्यायची, जागोजागी गाठ मारायची आणि बोटभर कापडही जास्त न ठेवता झबलं अंगाबरोबर बसवायची. ढगळ शिवणाऱ्यांना ती नावं ठेवी. "बाळाला शिवायचं का पोत्याला?" असं विचारायची. या गोष्टीचा तिला मोठा तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

पण तिच्या शेजारच्या धुरपदाला एकामागून एक तीन मुली झाल्या. तिघींची झबली बयाजानं शिवली आणि तिघीही वर्षाच्या आत गेल्या. एकीला ताप आला, एकीला डांग्या खोकला, तिसरी तर निजली ती उठलीच नाही. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली की बयाजाचा दोरा लागला की पोर जगत नाही. बयाजानं ते ऐकलं आणि, वाईट असं की, तिला ते खरं वाटलं. पोरी वाढणारच नाहीत असं आपणच कापडात शिवून ठेवलं, हे तिच्या मनानं घेतलं. तिनं तान्ह्या बाळांचं शिवणं सोडलं. तीन मापांचे तीन दोरे मात्र तिला टाकवेनात. ते सुयांच्या डबीत तसेच राहिले.

मग माघात धुरपदाला चौथी मुलगी झाली. दगडासारखी टिकावी म्हणून तिला धोंडाई म्हणू लागले आणि दृष्ट नको म्हणून चिंधीत गुंडाळून ठेवू लागले. नवं कापड कुणी आणलं नाही. सव्वा महिना झाला तशी धुरपदा पोरीला घेऊन बयाजाच्या दारात आली.

"मावशी, हिला एक झगा शिवा."

"माझ्या हातचं नको गं बाई. लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे. पण अंगावर हिच्या नावचं एक कापड नाही. आपण इथं राहायचंय, हे हिला कळायचं कसं?"

बयाजाला रडू आवरेना. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, पण दोरा काही हातात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती डोंगरावरच्या देवीकडे, आईकडे गेली. तिघींचे दोरे तिनं तिथल्या मातीत पुरले आणि नवस बोलली, म्हणे, "आई, मी कापड जास्त ठेवते, तू पोरीला वाढव. दर चैत्राच्या जत्रेला एक दुमड मी माझ्या हातानं उसवीन. सातही उसवेपर्यंत माझ्या अंगाला नवं कापड लागणार नाही."

घरी येऊन तिनं पेटीतलं लग्नाचं निळं लुगडं काढलं आणि कात्री चालवली. सात वर्षांच्या मुलीला होईल एवढा झगा शिवला. पाठीला सैल करता येतील असे बंद लावले आणि खालचा घेर एकावर एक सात वेळा दुमडून घातला. बारशाला पोर त्यात दिसेचना. बायका हसून लोटपोट झाल्या. "बयाजा, ही पोर आहे का गाठोडं?" एकीनं विचारलं. जन्मभर ढगळ शिवणाऱ्यांना हसलेली बयाजा खाली मान घालून घुगऱ्या वाटत राहिली.

पोरीला ताप आला, उतरला. खोकला आला, तोही गेला. वर्ष भरल्यावर आलेल्या पहिल्या चैत्रात बयाजानं डोंगराच्या पायथ्याशी बसून पहिली दुमड उसवली. वरचं कापड विटलं होतं आणि आतून कोऱ्या निळ्याचा पट्टा निघाला. दर वर्षी असाच एक पट्टा वाढू लागला. बयाजाच्या लुगड्याला ठिगळावर ठिगळ चढलं. सहाव्या वर्षी तिला दिसेनासं झालं होतं. धोंडाईनं तिचं बोट धरून टाक्यावर ठेवलं आणि तिनं चाचपत दुमड उसवली.

सातव्या चैत्राला आठ दिवस राहिले असताना बयाजा गेली. अंगावर तेच ठिगळांचं लुगडं होतं.

जत्रेच्या दिवशी नवस फेडायचा म्हणून धुरपदानं कात्री घेतली. धोंडाईनं झगा पोटाशी धरला.

"आज्जी उसवणार होती. आता कुणीच नाही उसवायची."

"अगं, मग तो तुला आखूड होईल."

"होऊ दे. तिनं ठेवलेलं एवढं राहू दे."

धुरपदानं कात्री खाली ठेवली. डोंगरावरच्या आईलाही ते मान्य झालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी लोक उठून पाहतात तो बोडक्या डोंगरावर झग्यासारखेच सहा पट्टे उमटलेले. सातवा तिनंही दुमडून आत ठेवला, असं सांगतात.

आजही खडकोंडात मुलीच्या पहिल्या झग्यासाठी दोरा लावून माप घेत नाहीत. घरातल्या वापरत्या लुगड्याचा झगा शिवतात, त्याला सात दुमडी घालतात, सहा उसवतात आणि मुलगी सासरी निघाली की तो तिच्या ट्रंकेत तळाशी ठेवतात. धाकूची मोठी बहीण अनसाबाई आता नव्वदीला आली आहे. गेल्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा भेटायला आलेल्या बायका दारातच डोळे पुसू लागल्या. अनसाबाईनं सुनेला ट्रंक उघडायला लावली, झगा मागून घेतला आणि खालचा काठ बोटांनी चाचपून पाहिला.

"रडता कशाला गं?" ती म्हणाली. "माझी एक दुमड अजून शिल्लक आहे."