महाराजांची तेलबंदी

मोटरीखाली तेलाचा थेंब दिसला, की बिल्वगडचे महाराज मोटरखान्यातला एक माणूस हद्दपार करत. या महिन्यात दोघे गेले होते. आता उरला होता एकटा नागू मिस्त्री.

नागूने इंजिन पार खोलून पुन्हा जुळवलं होतं. ते चालायचंही झकास. अडत होतं ते एका ऑइल सीलपाशी. सील म्हणजे लोखंडी कडी, आतून कातड्याची मऊ कड. क्रँकशाफ्टच्या दांड्याला ती कड नीट बिलगली, तरच इंजिनातलं तेल आत राहतं. नागू पहिल्या सीलला तेलाचं बोट लावणार, तेवढ्यात महाराज आले होते.

"अरे, गळतंय काय?"

"तेल, महाराज."

"आणि तू लावतोस काय?"

"तेल, महाराज."

"आग विझवायला रॉकेल ओततोस? दिवाणजी, हुकूम लिहा!"

महाराजांना लहान हुकूम आवडत नसत. त्यामुळे दिवाणजींनी लिहिलं, 'या संस्थानात कोणीही, कोठेही, कोणतीही घट्ट वस्तू तेल लावून बसवू नये. बसवील तो सूर्यास्तापूर्वी हद्दपार.' दवंडीही पिटली गेली.

नागूने तीन सीलं कोरडी बसवली. तिन्ही गळली, पण दुसरा मिस्त्री उरला नव्हता म्हणून तो तेवढ्यापुरता वाचला. चौथं शेवटचं होतं.

"उद्या गाडी पांढऱ्या गालिच्यावर उभी राहील," महाराज म्हणाले. "थेंब पडला, तर तू बायकोला घेऊन चालता हो!"

त्याची बायको ठकू कासारीण दारोदार बांगड्या भरायची. दुपारी ती फेरीवरून आली, तर नवरा तीन फुकट गेलेली सीलं पुढ्यात घेऊन बसलेला. तिने एक उचललं.

"अहो, ही कड फाटलीय."

"दांड्याच्या टोकाला खाच आहे. तिची धार लागते."

"आणि ही करपलीय."

"कोरडी फिरली ना."

"बसवलं कशाने?"

"हातोडीने."

"एका बाजूने ठोकून?"

नागूने हातोडी पाठीमागे सरकवली.

"असा चुडा भरला असता मी, तर गावात एक मनगट शाबूत राहिलं नसतं!" ठकू म्हणाली आणि तिने बांगड्यांच्या पेटीतून रेशमी चिंधी काढली.

सकाळी तिच्या सांगण्यावरून नागूने ती चिंधी खाचेवर गुंडाळली. सीलच्या कडेला आतून तेलाचं बोट फिरवलं. सील रेशमावरून अलगद सरकवलं, चिंधी ओढून घेतली, वर लाकडी चकती ठेवली आणि चहूबाजूंनी सारखं, हळूहळू दाबत आत बसवलं. मनगटावर बांगडी उतरावी तसं ते उतरलं.

मोटर घाट चढून आली आणि तासभर मोटरखान्यात गालिच्यावर उभी राहिली. महाराज गुडघे टेकून खाली वाकले. गालिचा कोरा!

"शाब्बास! बघ, कोरडं बसवलंस तर कसं बसलं!"

नागूने मान खाली घातली. पेटी घेऊन शेजारी उभी असलेली ठकू म्हणाली, "तेल लावलंय, महाराज."

महाराज ताडकन उठले.

"हुकूम मोडला?"

"मोडला."

"मग बैलगाडी जोडा! सूर्यास्तापूर्वी दोघंही हद्दीबाहेर!"

"जातो, महाराज. तेवढं हे एक कडं तेलाशिवाय घालून दाखवा." ठकूने पेटीतून पितळी कडं काढलं. "पैलवानांसाठी ठेवते. तुमच्यासारख्या मनगटाला शोभेल."

"एवढंच? आण इकडे!"

महाराजांनी कडं चढवलं. ते बोटांवरून गेलं आणि अंगठ्याच्या बुडाशी अडलं. महाराजांनी जोर लावला. कडं आणखी रुतलं. आता ते पुढेही जाईना, मागेही येईना. दिवाणजींनी ओढून पाहिलं. कडं तसंच राहिलं, महाराज मात्र दोन पावलं पुढे आले.

"सोडा! हात तुटेल!" महाराजांचा पंजा वांग्यासारखा झाला होता. "अरे, बघता काय? आधी आत तर जाऊ दे, मग काढू! तेल आणा!"

कोणी हललं नाही. सगळे दिवाणजींकडे बघू लागले. दिवाणजी छताकडे बघू लागले.

"तेल आणा म्हणतो ना!"

"आणा की," ठकू शांतपणे म्हणाली. "बैलगाडी जोडलेलीच आहे, महाराज. आम्ही थोडं सरकून बसू."

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. मग अंगणातल्या बैलगाडीकडे. आणि ते जे हसत सुटले, ते हसता हसता त्या पांढऱ्या गालिच्यावरच बसले.

"फाडा तो हुकूम! आधी फाडा, मग तेल आणा!"

जोडलेली बैलगाडी रिकामी गेली आणि आधी हद्दपार केलेल्या दोघांना घेऊन आली. नागू मोटरखान्याचा मुख्य झाला. ठकूला महाराजांनी सोन्याचं कडं दिलं. तिने ते घेण्याआधी माप बघितलं.