अध्यक्षांसोबतचा फोटो

खो-खोच्या मैदानावर घाम गाळायच्या पोरी आणि फोटोत मिरवायचे क्रीडा मंडळाचे अध्यक्ष दामाजीराव! गेल्या वर्षी आईबापांनी आगाऊ पैसे भरून फोटो घेतले, तर प्रत्येक फोटोत ढाल यांच्या हातात आणि पोर यांच्या पोटाआड. शिव्या मात्र खाल्ल्या फोटोवाल्या वैजयंतानं.

यंदा ते पुन्हा गरजले, "प्रत्येक मुलीचा माझ्यासोबत फोटो निघालाच पाहिजे. नाहीतर कॅमेरा उचल आणि चालती हो!"

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती एवढंच म्हणाली, "काढते साहेब. पण दर मी ठरवणार."

स्पर्धेच्या सकाळी फाटकावर पाटी लागली: 'फोटोंची आगाऊ नोंदणी. मुलीचा एकटीचा फोटो शंभर रुपये. अध्यक्षांसोबतचा फुकट.'

दुपारी दामाजीराव ऐटीत आले. शंभराची रांग फाटकाबाहेर गेली होती आणि तिच्यात त्यांची सूनही लेकीसाठी नोट घेऊन उभी होती. फुकटच्या टेबलापाशी चिटपाखरू नव्हतं.

ते भडकले, "माझ्या फोटोला काहीच किंमत नाही? आत्ताच्या आत्ता दर बदल!"

"बदलायलाच हवा, साहेब," वैजयंता म्हणाली. "फुकट तर कुणी नेईना. आता जो नेईल त्याला वरून दहा रुपये देऊ. ते तेवढे तुम्ही द्या."