चार किलोचे साहेब

साखर कारखान्याचा बॉयलर थरथरत होता, आगवाले मागे सरकत होते, आणि मॅनेजर जहागीरदारसाहेब छापील कागद नाचवत ओरडत होते, "दाब फक्त सात! कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. आणखी चिपाडं टाका!"

कोबॉल या संगणकभाषेतले प्रोग्राम बघणाऱ्या हेमांगीने बॉयलरवरून आलेला मूळ आकडा पडताळला: एकशे सात. प्रोग्रामात छापायला दोनच आकड्यांची जागा होती. एकशे सातमधला डावीकडचा एक गुपचूप कापला गेला होता. तिने सांगून पाहिलं, पण साहेब ऐकेनात.

"साहेब, तुमचं वजन किती?"

"एकशे चार किलो. का?"

तिने ते त्याच प्रोग्राममधून छापलं. कागदावर आलं, चार.

"कागद खरा असेल तर चला, तुम्हाला कडेवर घेऊन बॉयलरपाशी उभी राहते."

"आग विझवा!" किंचाळत साहेब दाराबाहेर पळाले, तेही चार किलोच्या चपळाईने.