सगळ्या कोकरांना पुरलेली घोंगडी

वैशाखात बोरजाईला असं ऊन पडायचं की दुपारी कावळासुद्धा लिंबाच्या सावलीतून हलत नसे. नेमके त्याच दिवसांत केरोबा महाराज गावात मुक्कामाला येत आणि ओढ्याकाठच्या देवळात उतरत. कोणी विचारलं, "महाराज, एवढ्या उन्हाचा कशाला त्रास घेता?" तर हसून म्हणत, "आंबे आताच पिकतात ना बाबा. नाव महाराज पडलं म्हणून काय जीभ देवाला परत करून आलो?" असे आमचे महाराज! त्यांच्यापाशी बसलं की माणूस आपलं दुःख सांगायला आला होता हेच विसरून जाई.

त्याच सुमारास मायाप्पा धनगर आणि त्याची बायको गजरा आपली मेंढरं घेऊन बोरजाईच्या शिवारात यायची. पिकं निघाली की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची आपल्याकडे रीतच आहे. कळप रात्री ज्या शेतात बसतो, त्या शेताला लेंड्यांचं खत मिळतं, आणि पुढच्या साली तिथली ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. त्या वर्षी कळप बसला होता रंगराव मोहित्यांच्या रानात, त्यांच्या आमराईला अगदी लागून.

मायाप्पा उजाडताच मेंढ्या चारायला माळावर न्यायचा. कोकरं लहान, त्यांना ते ऊन सोसत नसे. ती तळावरच लिंबाखाली जाळीच्या कुंपणात राहायची, गजराच्या राखणीला. त्याच लिंबाच्या फांदीला तिच्या तान्ह्या मुलीची झोळी. एका हाताने झोळीला झोका द्यायचा, दुसऱ्या हाताने लोकर कातायची, मध्येच उठून पिठाच्या टोपल्यात तोंड घातलेल्या कोकराला कान धरून बाहेर काढायचं, असा तिचा दिवस जाई. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की जो कल्लोळ उठे तो बघण्यासारखा. प्रत्येक मेंढी पिल्लाला हुंगणार, आपलंच आहे अशी खात्री करणार, मगच पाजणार. दुसरीचं पिल्लू आलं तर सरळ ढुशी.

गजराने आदल्या वर्षी आपल्याच मेंढरांच्या लोकरीची एक काळी घोंगडी महाराजांना दिली होती. घोंगडी तशी लहानच, दोन माणसांनाही पुरू नये अशी. पण महाराजांच्या खांद्यावरून ती उतरली म्हणून नाही.

आणि नेमकं हेच रंगरावांच्या डोळ्यांत सलत होतं. माणूस तसा वाईट नव्हे, पण मोठेपणाची फार हौस. एकादशी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी महाराजांना आमराईत जेवायला बोलावलं. पुरी-आमरसाचा बेत, वर अंगावर घालायला रेशमी शाल. सकाळी ते तयारी बघायला आले, कानात हिन्याच्या अत्तराचा फाया, आणि थेट तळाशी येऊन नाकाला उपरणं लावून उभे राहिले.

"गजरा, संध्याकाळी महाराज इथं जेवणार आहेत. या वासात जेवायचं त्यांनी?"

"मालक, मेंढरांचा वास हाय. त्याला मी काय करू?"

"तुझी घोंगडी ते वागवतात म्हणून तुला वाटतं, आपण मोठी भक्तीण. अगं, भिडेखातर वागवतात ते. मनातून त्यांनाही शिसारी येत असेल." असं म्हणून त्यांनी कानातला फाया काढला आणि एका पांढऱ्या कोकराच्या अंगभर चोळला. "घे. एक तरी माणसांत आणलं मी."

बरोबरची मंडळी खो खो हसली. पण ते 'भिडेखातर' गजराच्या काळजाला लागलं. आपल्यामुळे महाराजांना वर्षभर त्रास झाला की काय, या एका विचाराने तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली.

मंडळी गेल्यावर तिने शिकेकाई उकळली, वासाचा नागरमोथा कुटला, आणि एकेक कोकरू धरून न्हाऊ घातलं. उरलेला नागरमोथा अंगाला चोळला. पांढऱ्या कोकराचं अत्तर काही निघेना, तेव्हा त्यालाही चोळला. दुपारपर्यंत कोकरं कापसासारखी फुलली. गजरा हरखून गेली. महाराज येतील, बघतील, म्हणतील पोरीने तळ कसा देवघरासारखा ठेवलाय!

दिवस कलताना मेंढ्या आल्या, ओरडत, धावत. कोकरं जाळीतून सुटली आणि आयांच्या पोटाखाली शिरली. मेंढ्यांनी हुंगलं. आणि एकजात सगळ्यांनी तोंड फिरवलं. भोरीने आपल्या पिल्लाला ढुशी मारली, बांडीने लाथ. सगळ्यांना एकच वास येत होता, आणि तो कोणाच्याच लेकराचा नव्हता.

मायाप्पाने एक मेंढी दाबून धरली, कोकरू सडाला लावलं. मेंढीने पान्हा चोरला, थेंब सोडीना.

"अगं, धनगराची लेक तू," तो हताशपणे म्हणाला. "कोकराचा वास घालवायचा नसतो, हे तुला ठावं न्हाई?"

"ठावं हाय. म्हाराज येणार म्हणून ध्यानातच आलं न्हाई बघा."

सकाळपासून कोकरांच्या पोटात दुधाचा थेंब नव्हता. वरून वैशाखाची काहिली. रात्र अशीच गेली असती तर सकाळी निम्मी कोकरं उठली नसती, आणि ती कोकरं म्हणजेच त्या दोघांचं पुढचं सगळं वर्ष. झोळीत मुलगी रडली म्हणून गजराने तिला पदराखाली घेतलं, आणि तिला पाजताना ती हुंदके देऊन रडू लागली. आपलं पितंय आणि ती उपाशी, हे तिला बघवेना.

पलीकडे आमराईत पानं मांडली होती. रंगरावांनी महाराजांच्या अंगावर शाल घातली, वाटीत आमरस वाढला. महाराजांनी पुरीचा तुकडा मोडला आणि हात तसाच थांबला.

"रंगराव, ही लेकरं कोणाची रडतात?"

"लेकरं कुठली महाराज, मेंढरं आहेत. ओरडतात आपली. आपण सावकाश होऊ द्या."

"लेकरं उपाशी ठेवून सावकाश कसं व्हायचं?" म्हणत महाराज उठले. शाल तिथेच ठेवली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि तळाकडे निघाले. यजमानही निघाले मागून, नाइलाजाने.

गजराने पायावर लोळण घेतली, रडत रडत सगळं सांगितलं. महाराज म्हणाले, "वेडी गं वेडी! मला तुझ्या मेंढरांचा वास नको असता तर ही घोंगडी वर्षभर उशाला घेतली असती का? तिला हुंगल्याशिवाय झोप येत नाही मला."

मग ते जाळीच्या मध्यावर जाऊन बसले. "या रे," म्हणाले. कोकरं भोवती गोळा झाली. महाराजांनी घोंगडी झटकली आणि त्यांच्यावर पांघरली. मागून रंगराव पुटपुटले, "एवढ्याशा घोंगडीत किती मावणार!" पण काय सांगावं! चार मावली, दहा मावली, येतील तेवढी मावली. घोंगडीचा काठ पुढे पुढे सरकत राहिला, आणि शेवटचं शेपूटसुद्धा तिच्याखाली गेलं. महाराज डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. थोड्या वेळाने त्यांनी काठ उचलला आणि हाक दिली, "भोरे, ये, तुझं घेऊन जा."

भोरी आली. घोंगडीखालून एक कोकरू निघालं, तिने हुंगलं, आणि पाय फाकवून उभी राहिली. कोकराची शेपटी आनंदाने थरथरू लागली. मग बांडी आली, मग कानी आली, एकीमागून एक. गजरा हसतही होती, रडतही होती. तळावर दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज भरून राहिला.

एक कोकरू तेवढं राहिलं. पांढरं, अत्तराचं. त्याची आई मोरी लांबूनच शिंकायची आणि मागे सरायची. महाराजांनी ते उचलून रंगरावांपुढे धरलं.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही. ज्याने याचा वास पुसला, त्यानेच याला घोंगडीत घेऊन बसायला हवं."

रंगरावांनी आपल्या धुवट धोतराकडे बघितलं, लेंड्यांनी भरलेल्या जमिनीकडे बघितलं. कोकराची मान एका बाजूला कलली होती. त्यांनी ते घेतलं आणि खाली मांडी घातली. महाराजांनी दोघांना डोक्यावरून घोंगडी पांघरली.

आत काळोख आणि तोच तो वास. कोकराला आता ओरडायचंही त्राण नव्हतं. त्याने रंगरावांचं बोट तोंडात घेतलं आणि चोखू लागलं. त्या बोटात काय मिळणार होतं त्याला! रंगरावांना आपलं सकाळचं हसणं आठवलं, आणि घोंगडीतून आवाज आला, "देवा, याला जगव. माझी चूक याच्या पोटावर नको."

तशी मोरी पुढे आली. तिने घोंगडीत तोंड खुपसलं, आधी रंगरावांचा कान चाटला, मग कोकरू. आणि तिथेच, त्यांच्या मांडीवर, पान्हा सोडला.

रंगरावांनी बसल्या जागीच घोंगडी दूर केली तेव्हा धोतराचा रंग ओळखू येत नव्हता. ते गजराकडे वळले. "बाई, फार लागेल असं बोललो मी. माफ कर."

"दादा, हळू," गजरा म्हणाली. "मांडीवरलं पिताना पडंल."

महाराज मोठ्याने हसले. "रंगराव, आता भूक लागली बुवा. पानं इकडंच आणा."

मग काय विचारता! आमराईतली पंगत उठून मेंढरांत आली. मायाप्पा-गजराची पानं महाराजांच्या शेजारी पडली. रेशमी शालीची झोळी झाली आणि तिच्यात गजराची मुलगी हात-पाय हलवत पडली. वाढायला स्वतः रंगराव.

"रंगराव," महाराज वाटी पुढे करत म्हणाले, "तुमच्या कानात आज अत्तर दिसत नाही."

रंगराव रस वाढायला वाकले, आणि पळी तशीच हातात ठेवून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. पांढरं कोकरू त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरून मागेच उभं होतं.