बोकडाच्या धावा

एका गावात एक भोळा गुणलेखक होता. नाव पिराजी. क्रिकेटमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षर मोत्यासारखं होतं आणि बाकी सगळ्यांना खेळायचं होतं. म्हणून वही त्याच्याकडे आली. मागच्या वर्षी भांडणात डोकी फुटली होती, तेव्हा यंदा सगळ्या गावांनी ठरवलं, वहीत असेल तेच खरं. जिंकणाऱ्याला बोकड.

पहिल्या सामन्यात फलंदाजांनी एक धाव काढली. पिराजीनं दोन मांडल्या.

"दोन कशा रं?" कप्तान विलासदादा ओरडला.

"दोघं पळालं की, दादा."

"दोघं पळालं तरी एकच मांडायची!"

"बरं."

दुसऱ्या सामन्यात दोघे बाद झाले. ऊन मरणाचं, दोघेही पळत सावलीला गेले. पिराजीनं एक धाव मांडली.

"अरं, बाद झाल्यावर कसली धाव? खेळपट्टीवर पळंल त्याचीच मांड!"

"बरं."

तिसऱ्या सामन्यात खेळपट्टीवरून कुत्रं पळालं. पिराजीनं एक मांडली. मग विलासदादानं चेंडू थेट सीमेपार धाडला आणि ऐटीत उभा राहिला. पिराजीनं काहीच मांडलं नाही.

"कुत्र्याला एक आन् मला भोपळा?"

"ते पळालं. तुमी हुबंच हुता."

विलासदादानं कपाळाला हात लावला. "पळणाऱ्याकडं बघूच नगंस! चुन्याच्या रेषेकडं बघ. टप्पा खाऊन पार गेलं तर चार, अधांतरी गेलं तर सहा."

"बरं."

अंतिम सामना आला. विलासदादाच्या गावानं एकसष्ट केल्या. पल्याडच्या गावाच्या अठ्ठावन्न झाल्या आणि एकच चेंडू उरला. इकडे गावात तीन चुलींवर मटणाचं वाटण तयार. बोकड सगळ्यांना दिसावा म्हणून रेषेच्या आतच बांधला होता. शेवटचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. सामना जिंकला! ढोल वाजला. त्याला बुजून बोकडानं दावं तोडलं आणि रेषेपार धूम ठोकली.

पिराजीनं अठ्ठावन्नात चार मिळवले. बासष्ट.

"ह्या चार कुणाच्या?" विलासदादाचा आवाज चिरकला.

"बोकडाच्या. सहाच मांडणार हुतो, पर मधी त्यानं पाय टेकला. खोटं कसं लिवू?"

पल्याडच्या कप्तानानं वही दोनदा वाचली. "वहीत हाय तेच खरं," तो गंभीरपणे म्हणाला.

बोकड धरून आणला. पल्याडच्यांनी तो खांद्यावर घेतला आणि वाजतगाजत निघाले. विलासदादाच्या डोळ्यांत पाणी आलं. पिराजीलाही फार वाईट वाटलं, पण त्यानं रेषेवरची नजर हलवली नाही.

बोकड खांद्यावरूनच रेषेपार गेला. एकदाही पाय न टेकता.

पिराजीनं बासष्ट खोडले आणि सुंदर अक्षरात लिहिलं, अडुसष्ट.