हाकेचा फोन

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध वस्ताद मोटारसायकली दुरुस्त करी आणि लांबच्या वाटेला लागणाऱ्यांना गाडी चालवण्याची विद्या शिकवी. त्याचा एक शिष्य होता. हात कसबी, डोकं तापट. पुढच्या महिन्यात बायकोला मागं बसवून तो हिमालयात जाणार होता. आधी दोघांनी डोंगरापलीकडच्या धरणापर्यंत जाऊन यावं, मगच मी हो म्हणेन, असं वस्तादानं बजावलं होतं.

निघायच्या सकाळी बायकोनं डबा केला, पिशव्या बांधल्या, नवऱ्याचे हातमोजे शोधून दिले. शिष्यानं विचारलं, "वस्ताद, वाट दाखवायला हँडलवर फोन ठेवू, की वेगळं जीपीएस यंत्र लावू? मला तर फोनच बरा वाटतो. नकाशा ताजा असतो."

वस्तादानं हँडलवरचा फोन काढला, पंच्यात गुंडाळला आणि शिष्याच्या बायकोकडे दिला. "सूनबाई, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. हा मागेल. द्यायचा नाही." मग फळीवरचं ओरखडे पडलेलं एक जुनं जीपीएस यंत्र काढून हँडलवर आवळलं.

"याच्यातला नकाशा माझ्या लग्नाआधीचा असेल," शिष्य पुटपुटला.

"तुझं लग्न उशिराच झालं," वस्ताद म्हणाला.

शिष्याला तो अपमान वाटला. दोघं निघाले, त्यात यंत्रानं नेलेला रस्ता एका खाणीच्या कुंपणाशी जाऊन संपला.

"फोन दे."

"वस्तादांनी नको म्हटलंय."

"नवरा मी आहे की वस्ताद?"

"वाटच विचारायची ना? तो बघा मेंढपाळ. तोंड आहे त्याला," ती म्हणाली, आणि तिनंच विचारून घेतली.

वाट सापडली, पण राग गेला नाही. त्या रागात त्यानं वळणावर गाडी दामटली आणि खडीवरून घसरला. बायकोला खरचटलं, त्याचा पाय गाडीखाली आला. तिनं जीव एकवटून गाडी उचलली, पण त्याला पाऊल टेकवेना. यंत्राचे तुकडे झाले होते. वर ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिनं खिशातून पंचा काढला. आत फोन थंडगार, पूर्ण चार्ज. तिनं वस्तादाला हाक मारली.

तासाभरात वस्ताद टेम्पो घेऊन आला. पाय बांधून झाल्यावर शिष्य म्हणाला, "तुमचं यंत्र चुकलं, वस्ताद."

"चुकणारच होतं. वाट दाखवणारा चुकला, तर माणूस मागं फिरतो, कुणाला तरी विचारतो. अर्धा तास जातो, दुसरं काय? हाक मारायचं साधन गेलं, की मात्र बसून राहावं लागतं. गेल्या वैशाखात हाच फोन हँडलवर तापून बंद पडला होता. तूच आणला होतास माझ्याकडे. हिमालयात नेताना यंत्र घे, नाहीतर घरातला जुना फोन नकाशा भरून लाव. मला दोन्ही सारखीच. उन्हात, धुळीत, खड्ड्यांत झिजायला जे ठेवायचं, ते वेगळं असू दे. ज्याच्या भरवशावर संकटात जगायचं, त्यालाच तू रोजच्या राबणुकीला जुंपतोस आणि वर म्हणतोस, हेच बरं."

टेम्पो घाट उतरू लागला. बायको शिष्याचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हेल्मेटं तिच्याच कवेत, दोन्ही पिशव्या तिच्याच खांद्यांवर. कोपरावरचं रक्त अजून तिनं पुसलं नव्हतं.

शिष्याला तहान लागली होती. 'पाणी दे' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. त्यानं हात लांबवून स्वतःच पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडलं आणि आधी तिच्यापुढं धरली. मग तिच्या खांद्यावरची एक पिशवी उतरवून घेतली.

वस्तादानं समोरच्या आरशात पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

घरोघरी त्या फोनसारखं, संकटात हाकेला येणारं एक माणूस असतं. त्याला रोज हँडलवर किती झिजवायचं, ते ज्यानं त्यानं पाहावं.