ढवळनानांचा नकाशा

उत्तरेच्या बर्फाळ डोंगरात सशांची एक छोटी वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट. बिळं अपुरी पडू लागली, तसा मुखिया ढवळनानांनी मोकळ्या उतारावरच्या बर्फात काठीने नव्या आळीचा नकाशा आखला आणि दवंडी पिटली, “कुणाची हरकत असेल त्याने येऊन सांगावी.”

सगळे आले आणि नकाशावरून फिरून गेले. नानांपुढे बोलणार कोण? नाना मात्र संतापले. “माझी मेहनत पायदळी तुडवलीत.”

भुरीकाकू हसल्या. “नाना, कड्याखाली आखलेल्या बिळांच्या रांगेत एक तरी पाऊल उमटलंय का? तिथे बर्फ कोसळतो. पोरंसुद्धा वळसा घालून जातात.”

नानांनी पावलांची गर्दी होती तिथेच बिळं खणवली. पुढची आळी आखायची वेळ आली, तेव्हा काठी घरीच ठेवून ते म्हणाले, “आधी सगळे जरा फिरून या.”